नायगावची कॉटरपिन

नायगाव म्हटले की ऐकणारा विचारतो, "कोणते?" प्रश्न रास्त आहे. सावित्रीबाई फुले १८३१ साली जन्मल्या ते नायगाव सातारा जिल्ह्यातले. मुंबईत दादरजवळ एक नायगाव आहे, वसईच्या खाडीकाठी आणखी एक. मी म्हणतो ते नांदेडहून देगलूरला जाताना निम्म्याहून थोडे पुढे गेल्यावर लागणारे. तेथे आम्ही तीनच तास होतो, आणि तेही नाइलाजाने.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही अकरा जण नांदेडहून हैदराबादला सायकलींवर निघालो. अंतर पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास, बेत चार दिवसांचा. नऊ जणांजवळ गिअरच्या, बोटांनी उचलाव्यात अशा सायकली; माझी मधल्या दर्जाची; आणि अण्णांची काळी, अठ्ठावीस इंची, १९७१ साली पहिल्या पगारातून घेतलेली. अण्णा एकोणसत्तर वर्षांचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले कारकून. पत्नी वारल्याला वर्ष झाले होते. पुण्यातल्या दोन्ही मुलांचा या उद्योगाला विरोध होता. शेवटी थोरल्याने एक अट घातली होती : वाटेत एकदा जरी वाहनात बसावे लागले, तरी तेथूनच घरी परतायचे आणि सायकल विकून टाकायची. अण्णांनी ती मान्य केली होती, आणि गटात ती फक्त मला ठाऊक होती.

पहाटे गुरुद्वाऱ्यात माथा टेकला. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली येथेच देह ठेवला. लंगरातला गरम चहा पोटात गेल्यावर थंडी पळाली. शहर मागे पडले तशी काळी राने सुरू झाली. वेचणीला आलेला कापूस, शेंगांनी वाकलेली तूर, नुकता वर आलेला हरभरा. उसाने लादलेले ट्रॅक्टर अंगावर येत होते, आणि त्यांच्या टपांवरची गाणी ते दिसण्याआधीच ऐकू येत होती. गाणे ऐकू आले की रस्त्याच्या कडेला उतरावे, हा धडा आम्ही पहिल्या तासातच शिकलो.

कहाळ्याच्या आसपास अण्णा मागे पडू लागले. विचारले तर म्हणाले, "गुडघा कुरकुरतोय." मग दर दोन-तीन किलोमीटरांना थांबणे आले. नायगावला पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते आणि अण्णांचा उजवा गुडघा लिंबाएवढा वर आला होता.

एस. टी. स्टँडसमोर चहा घेताना गटात दोन पक्ष पडले. तरुणांचे म्हणणे असे की अण्णांना देगलूरच्या गाडीत बसवावे, सायकल टपावर टाकावी. त्यांच्यातला एक वाचणारा होता. तो म्हणाला, "अण्णा, १९८५ साली बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून भारत जोडो काढले तेव्हा पोरे सायकलींवर होती आणि बाबा गाडीत आडवे पडून होते. त्यांना बसताही येत नव्हते. म्हणून काय त्यांची यात्रा उणी झाली?"

युक्तिवाद बिनतोड होता. अण्णांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "ते बाबांनी स्वतः ठरवले होते. माझे तुम्ही ठरवताय."

पुढे कोणी बोलेना. म्होरक्या मी, म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, आधी सायकल दाखवू. मला ठरवायला वेळ हवा होता, हे त्यातले खरे कारण.

रस्त्याकडेचे दुकान आता मुख्यतः मोटारसायकलींच्या पंक्चरवर चालते. मालक पन्नाशीचा. त्याने आमच्या ताफ्याकडे पाहिले.

"कुठून येऊलालाव?"

"नांदेडहून."

"अन् चाललाव कुठं?"

"हैदराबादला."

गिअरच्या सायकली ओलांडून त्याची नजर अण्णांच्या सायकलीवर थांबली. "हिच्यावर?"

"हिच्यावरच," अण्णा म्हणाले.

त्याने दोन्ही पायडले हातांत धरून हलवली. खट्ट आवाज झाला. "गुडघा दुखंना तर काय होईल, काका? पिन खाल्ली की."

पायडलचा दांडा आसाला धरून ठेवते ती कॉटरपिन; बोटाएवढी, एका अंगाने चपटी. ती झिजली की दर फेऱ्याला पायडल किंचित निसटते आणि पुन्हा धरते, आणि तो हिसका बसतो गुडघ्याला. एका फेऱ्यात ही सायकल सव्वापाच मीटर जाते असे धरले, तर पन्नास किलोमीटरांत नऊ हजारांवर फेरे होतात. निम्म्या वाटेतच पिन ढिली झाली असे मानले तरी बेरीज पुरेशी आहे.

नवी पिन त्याच्या डब्यात होती, पण ती तशीच बसत नाही. कानशीने चपटी बाजू घासायची, घालून पाहायची, काढायची, पुन्हा घासायची. चार वेळा असे झाले. मग दांड्याखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवून, म्हणजे घाव आतल्या छऱ्यांना लागू नये, त्याने दोनच ठोके मारले. डावीकडची पिनही न सांगता बदलली. साठ रुपये झाले. अण्णांनी शंभराची नोट दिली, तर चाळीस मोजून परत केले आणि बजावले, "नरसी आली की नट पुन्हा आवळा. नवी पिन बसायला येळ घेते."

पिन बदलली तरी सुजलेला गुडघा सुजलेलाच होता, आणि देगलूर तीसेक किलोमीटर उरले होते. मी सांगितले, आता अण्णा पुढे राहतील आणि त्यांच्या पुढे कोणी जायचे नाही. गिअरवाले चरफडले, बैलगाडीच्या चालीने चालणे त्यांना चढ चढण्याहून कठीण गेले.

नरसीच्या फाट्यावर एकाने हात जोडले. त्याला ही नामदेवांची नरसी वाटली होती. ती हिंगोली जिल्ह्यातली, असे अण्णांनी सांगितले, आणि सकाळी आपण माथा टेकला त्या ग्रंथसाहेबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, तेव्हा नमस्कार पोचला म्हणायला हरकत नाही, अशी पुस्तीही जोडली. बोलता बोलता नट आवळून झाला.

देगलूरला पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. धर्मशाळेच्या ओट्यावर अण्णा मिठाच्या पुरचुंडीने गुडघा शेकत बसले होते, तेवढ्यात पुण्याचा फोन आला.

"हो, देगलूर," अण्णा म्हणाले. "नाही, कशात नाही बसलो. गुडघा? गुडघा आहे की जागेवर."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाना मागितला.