देणारी गाडी, खाणारी गाडी

‘गाडी किती देते?’ हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने थांबून ऐकावा असा आहे. म्हैस दूध देते, झाड फळ देते, तशी गाडी लिटरमागे किलोमीटर देते. जी फारसे देत नाही, तिच्याविषयी बोलताना मात्र क्रियापद पालटते. ती पेट्रोल ‘खाते’ किंवा ‘पिते’. म्हणजे चांगल्या गाडीचे आपण उत्पन्न मोजतो आणि वाईट गाडीची भूक.

हा भेद आम्हांला केवळ भाषिक गंमत वाटे. पण घरच्या दोन गाड्यांपैकी एकच बदलण्याइतके पैसे हाती आले, तेव्हा तो थेट खिशाशी येऊन भिडला. एक होती जुनी स्टेशन वॅगन. आजीच्या व्हीलचेअरसकट सारे घर तीत मावे. ती लिटरला ८ किलोमीटर देई. दुसरी, लहान गाडी १५ देई. वॅगनच्या जागी १० देणारी मोठी गाडी मिळत होती, लहानीच्या जागी २० देणारी. दोघींची धाव जवळपास सारखी. दोनापेक्षा पाचाची वाढ मोठी, तेव्हा लहान गाडीच बदलावी, असा आप्तांचा कौल पडला.

आम्ही क्रियापद बदलून पाहिले. हजार किलोमीटरला वॅगन १२५ लिटर खाई, तिच्या जागची गाडी १०० खाणार. बचत २५ लिटर. लहान गाडी सुमारे ६७ लिटर खाई, नवी ५० खाणार. बचत जेमतेम १७. ‘देण्या’च्या हिशेबात हरलेली वॅगन ‘खाण्या’च्या हिशेबात जिंकली.

रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच भ्रम मांडला होता. युरोपात दर १०० किलोमीटरला किती लिटर लागते, हे सांगण्याची रीत आहे. अमेरिकेत २०१३च्या मॉडेलांपासून नव्या गाडीवरच्या पट्टीवर दर १०० मैलांचा खपही छापावा लागतो. आपण अजून ‘देण्या’वरच अडून आहोत.

आणखी एक हिशेब उरतोच. वॅगनमध्ये सहा जण बसले की एका लिटरमध्ये प्रत्येकाचा ८, म्हणजे एकूण ४८ किलोमीटरांचा प्रवास होई. लहान गाडीतून एकटाच गेला, तर अवघा १५. खादाड कोण, हे इंजिनाइतकेच रिकाम्या आसनांवरही ठरते.

आम्ही वॅगन बदलली. तिच्या जागी आली तीही मोठीच गाडी. आजीची खुर्ची मावणे ही अट कोणत्याच कोष्टकात नव्हती, पण तिच्यावाचून कोणताही हिशेब पुरा होत नव्हता.