मोजून बोलणारा

पनवेलचा पावसाळा म्हणजे बोलघेवड्यांचा हंगाम. एसटी स्टँडवर, स्टेशनाबाहेर एकच सूर : "असा पाऊस बापजन्मात पाहिला नाही!" या गलबल्यात गप्प असतो तो पर्जन्यमापक. तोंड 200 चौरस सेंटिमीटर, लहानशा भाकरीएवढं. खाली नरसाळं, पोटात बाटली. सकाळी साडेआठला ती काचेच्या मापात रिकामी करायची. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 20 मिलिलिटर पाणी. कडेचं पाणी काचेला धरून किंचित वर चढतं. वाचायचं ते मधल्या खोलगट भागाशी, डोळा त्याच पातळीला आणून. उभ्याउभ्या वाचलं की आकडा बिघडला.

दोष त्याच्यातही आहेत. वारा सुटला की थेंब तोंडावरून निसटतात, म्हणून तो पाऊस थोडा कमीच सांगतो. पण कुठल्या बाजूला चुकतो हे ठाऊक असलेला साक्षीदार मला गोडबोल्यापेक्षा केव्हाही बरा. दुसऱ्याच्या अंगणाबद्दल तर तो अवाक्षर काढत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या मापकाने 944 मिलिमीटर नोंदवले, कुलाब्याच्याने जेमतेम 73. दोघेही खरे.

गाढी नदीचं पाणी चढलं की पनवेलकर लगेच हवामानबदलावर खापर फोडतो. मापक मान डोलावत नाही. विमानतळासाठी टेकडी कापली, उलवे नदी वळवली, खाडीकाठी भराव पडले. पुरात पावसाचा वाटा किती, हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही.

यावरून काहींना चेव येतो : "उद्याचं सांगता येईना, हे हवामानवाले 2100 चं काय सांगणार?" अहो, उद्या सर पनवेलवर कोसळेल की कर्जतवर, हा एक प्रश्न, पृथ्वी कुणी तापवली, हा निराळाच. त्यावर आयपीसीसी या आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या 2021 च्या अहवालात आढेवेढे नाहीत : माणसाने, यात शंका नाही. तापलेली हवा अंशामागे सुमारे 7 टक्के जादा बाष्प धरते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचे रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की, 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आधार कसला? असल्याच मुक्या नरसाळ्यांच्या नोंदींचा.

जिथे खात्री कमी, तिथे तोच अहवाल 'बहुधा' म्हणतो. पण त्या 'बहुधा'लाही माप आहे, किमान 66 टक्के शक्यता.

मापकाच्या अटी दोनच : नरसाळ्यात पान अडकलं तर काढा, आणि जवळपास उंच भिंत उठवू नका. पनवेलमध्ये पहिली पाळता येईल.