तेजपूर, रम आणि काजी नेमू

तेजपूरला फॅमिली क्वार्टर मिळालं आणि कुंपणालगतचं काजी नेमूचं झाड आयतंच मिळालं. हे आसामचं लिंबू आपल्या कागदी लिंबासारखं गोल नसतं. लांबट, जाड सालीचं, जवळजवळ बिनबियांचं. २०२४ मध्ये आसाम सरकारने त्याला राज्यफळ केलं. रस आंबट, पण खरा वास सालीत.

कॅन्टीनची रम घरात होतीच. गूळ आणि पाणी सारखं घेऊन उकळायचं, पाक गार करायचा. घट्ट झाकणाच्या डब्यात ६० मिली रम, १५ मिली रस, १५ मिली पाक, ठेचलेलं आलं आणि बर्फ. दहा-पंधरा सेकंद जोरात हलवून गाळायचं. सोडा शेवटी, ग्लासातच. डब्यात घातला तर झाकण उडतं. वरून सालीची पट्टी पिळायची. आतला पांढरा भाग नको, तो कडू. रमही उसाच्या मळीची, म्हणून साखरेपेक्षा गूळ जास्त जुळतो.

आमचे सुभेदार साहेब निवृत्त होणार होते, म्हणून घरी जेवण ठेवलं. डॉक्टरांनी त्यांची दारू बंद केलेली. सगळ्यांच्या हातात ग्लास आणि साहेब नुसतं पाणी घेऊन बसलेत, हे मनाला पटेना. त्यांच्या ग्लासात रमऐवजी गार केलेला कडक कोरा चहा घातला. रंग तोच, लिंबाचा वासही तोच. कोणी काही विचारलं नाही, त्यांना काही सांगावं लागलं नाही. साहेबांनी दुसरा ग्लास मागितला आणि तीस वर्षांच्या नोकरीचे किस्से बारापर्यंत रंगले.

तुम्ही करणार असाल तर कोऱ्या चहाचं भांडं आधी फ्रीजमध्ये ठेवा. पाहुण्यांत असा एक जण असतोच.