आता तुमचा डाव

पत्त्यांच्या खेळात पान टाकण्याचे कौतुक होते. डाव दुसऱ्याच्या हाती देण्याचे कोणी करत नाही. 1993 साली अमेरिकेत निघालेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाने मात्र या साध्या कृतीसाठी काटेकोर नियम केला. निरनिराळी पाने जमवून आपला संच बांधायचा, असा हा खेळ. त्यात आपले खेळून झाले म्हणून डाव परस्पर संपवता येत नाही. ‘माझे आता काही नाही’ असे एकाने म्हटले, की दुसऱ्याला उत्तर देण्याची संधी मिळते. त्याचेही काही नसेल, तेव्हाच खेळ पुढे सरकतो.

कर्नाटक संगीतात हाच नियम फार पूर्वीपासून, कोठेही न लिहिता, पाळला जातो. मैफलीत ‘तनि आवर्तनम्’ येते तेव्हा गायक गाणे थांबवून केवळ हाताने ताल धरतो. मृदंगवादक आपले बोल वाजवतो आणि घटम् वा कंजिरा वाजवणाऱ्याकडे पाहतो. ती नजर म्हणजे निमंत्रणच! मग ‘कुरैप्पु’ सुरू होतो. कुरैप्पु म्हणजे कमी करत जाणे. दोघे पाळीपाळीने वाजवतात आणि प्रत्येकाचा वाटा आवर्तनांवरून अर्ध्या, मग पाव आवर्तनावर येतो. शेवटी दोघे एकत्र वाजवू लागतात. येथे पहिल्याने आपला वाटा लांबवला, तर दुसऱ्याचे उत्तरच बुडते. म्हणून थोर वादकाची ओळख त्याच्या वाजवण्याइतकीच त्याच्या थांबण्यातही पटते. अखेरची तिहेरी रचना नेमक्या ठिकाणी आली, की गायक सोडलेली ओळ पुन्हा उचलतो.

या संगीताचे तीर्थक्षेत्र म्हणजे तंजावूरजवळचे, कावेरीकाठचे तिरुवैयारु. संत त्यागराजांनी 1847 साली येथे देह ठेवला. पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी आराधना होते. शेकडो कलावंत मांडी घालून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या रागांतील पाच कृती एका स्वरात गातात. तेवढा वेळ कोणाचाच डाव नसतो. इतर गायनाला मात्र प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मिनिटे येतात. नामवंतांनाही ती पुरवून वापरावी लागतात.

पण नियम कितीही उदार असला, तरी तो बैठकीत बसलेल्यांनाच लागू होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी या उत्सवात स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. ज्या समाधीपुढे हे घडत होते, तिच्यावरचे मंदिर 1920च्या दशकात उभारले ते एका स्त्रीनेच. बेंगळूरु नागरत्नम्मा (1878–1952) या देवदासी परंपरेतील विख्यात गायिकेने आपली कमाई त्यासाठी वेचली. मंदिर तिचे, गाणे इतरांचे, असा तो न्याय होता!

नागरत्नम्मांनी कोणाचा डाव हिसकावला नाही. त्यांनी स्त्रियांचा स्वतंत्र गट जमवला आणि वेगळी आराधना सुरू केली. त्या स्वतः हरिकथाही करत. तंजावूरच्या भोसल्यांच्या राज्यात रुजलेल्या मराठी कीर्तनाचा या हरिकथेवर मोठा ठसा आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुरुषांचेही तेव्हा दोन पक्ष होते आणि त्यांचे आपसांत पटत नव्हते. या कुरबुरीत वर्षे गेली. अखेर 1940च्या सुमारास सारे गट एकत्र आले आणि स्त्रिया त्याच उत्सवात गाऊ लागल्या.

नागरत्नम्मांचे स्मारक त्यागराजांच्या समाधीजवळच आहे. त्यातील त्यांची मूर्ती समाधीकडे तोंड करून, हात जोडून बसलेली आहे.