सेटवरचा धाकटा

सिनेमाच्या सेटवर थोरला कॅमेरा म्हणजे घरचा कर्ता. त्याच्यासाठी रूळ अंथरतात, क्रेन मागवतात, उन्हात त्याच्यावर छत्री धरतात. स्टिल कॅमेरा हा त्याच घरातला धाकटा. कुणाच्या तरी गळ्यात लोंबकळायचं आणि मध्ये मध्ये येतो म्हणून सगळ्यांची बोलणी खायची. ‘सायलेन्स’ची आरोळी झाली की यानं चूप; शटरचा एक ‘खटक्’ आणि अख्खा टेक वाया. म्हणून याची पाळी बहुधा शॉट ‘ओके’ झाल्यावर यायची. ‘थांबा, स्टिल घ्यायचाय!’ म्हटलं की डोळे पुसून मोकळी झालेली नायिका पुन्हा रडवेली व्हायची, नायक पुन्हा मूठ आवळायचा आणि दिवे हलवायला निघालेले लाइटमन चडफडत थांबायचे. आताचे कॅमेरे आवाजच करत नाहीत, तेव्हा तेवढा एक सासुरवास संपला.

नातं मात्र सख्खं. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात सिनेमाचीच ३५ मिलिमीटरची फिल्म होती. थोरल्याच्या पोटात ती उभी धावायची. बोलपटाच्या काळात सेकंदाला २४ चित्रं. धाकट्याकडे ती आडवी सरकायची, एका वेळी एकच चित्र, पण आकारानं दुप्पट.

त्याच १९२५ साली ‘लाइट ऑफ एशिया’च्या चित्रीकरणासाठी म्युनिकहून योझेफ विर्शिंग हा छायालेखक हिंदुस्थानात आला. पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये त्यानं ‘अछूत कन्या’ (१९३६), ‘महल’ (१९४९) असे चित्रपट टिपले. थोरल्यावर हुकमत असलेल्या या माणसाचा धाकट्यावरही जीव होता. त्यानं नायिका देविका राणीचे देखणे फोटो काढलेच, पण दोन शॉट्सच्या मधली माणसंही टिपली. २०१७ साली ते फोटो गोव्यात प्रदर्शनात मांडले, तेव्हा लोकांना पडद्यामागचा स्टुडिओ पाहायला मिळाला.

धाकट्याची नेमून दिलेली कामं तशी रुक्ष. थिएटरबाहेरच्या काचेच्या पेटीत लावायला फोटो पुरवायचे, वर्तमानपत्रांना द्यायचे. कालच्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता याची साक्ष द्यायची. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांच्या हाती आल्यावर त्याला भूमिकेपलीकडचा नट दिसू लागला. त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘चेहरे’.

पण धाकट्याची खरी किंमत कळते ती थोरल्याचं सगळं गेल्यावर. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला. आज त्याची एकही प्रिंट उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म कुठे जळली, कुठे कुजली, कुठे चांदी काढण्यासाठी भंगारात गेली. मास्टर विठ्ठल आणि झुबेदा त्या चित्रपटात कसे दिसत होते, हे आज कळतं ते मूठभर स्टिल्समुळे. ज्याला ‘बाजूला हो’ म्हणत होते, त्यानंच घराण्याची आठवण राखली.

त्याच्यात एक उणीव आहे: तो चेहरा राखतो, नाव राखत नाही. जुन्या फोटोत नटनट्या ओळखू येतात. दिवा धरून उभा असलेला, रंगाचा डबा घेऊन बसलेला, फळी ठोकणारा माणूस ‘इतर मंडळी’त जातो. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे, फोटोच्या पाठीवर चार अक्षरं न लिहिणाऱ्यांचा.

म्हणून मराठी चित्रपट करणाऱ्यांना एवढंच सांगणं: शेवटच्या दिवशीच्या ग्रुप फोटोवर भागवू नका. नायकावर टाकता तेवढाच मन लावून लाइट टाका आणि लाइटदादांचा, स्पॉटदादांचा, मेकअपदादांचा, ड्रेसवाल्या ताईंचा एकेकाचा फोटो काढा. फोटोसोबत नाव, गाव, काम आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या पिढीला तुमचा सिनेमा मिळेलच याची खात्री नाही. ही माणसं तरी मिळू द्या.