काट्याने काटा

डर्डल डोअरची सहल आपल्या मंडळातल्या बहुतेक कुटुंबांची झाली असेल. त्याच भागात वेअरहॅम आहे. तिथल्या माळरानावर पाइनची रोपे जोम धरीनात. झाडाच्या मुळांना मदत करणाऱ्या बुरशीला मातीतलेच काहीतरी वाढू देत नसावे, असा संशय आला. त्या मातीचा अभ्यास करताना ब्रायन आणि सहकाऱ्यांना १९४६ मध्ये पेनिसिलियम कुळातली एक बुरशी सापडली. तिच्यातल्या द्रव्याने दुसऱ्या बुरशांचे तंतू चक्क वेटोळे घेत! वर्षभरात कळले, की १९३९ मध्ये रेस्ट्रिक यांना मिळालेले ग्रिसिओफुल्विन ते हेच. १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी ते गिनीपिगना खाऊ घालून त्यांचा नायटा बरा केला आणि नायट्यावर पोटातून घ्यायचे औषध मिळाले.

मी संगणकातला माणूस. एम.एस्सी.साठी इंग्लंडला आलो आणि इथलाच झालो. बुरशीशी माझा संबंध शिळ्या पावापुरता! पण ग्रिसिओफुल्विन हे नाव वाचले आणि कोकणातला पावसाळा आठवला. न वाळलेले कपडे आणि पोरांच्या अंगावर नायटे. आजी टाकळ्याच्या बिया लिंबाच्या रसात वाटून लावायची. तेवढ्याने भागेना, तेव्हा डॉक्टरांनी याच गोळ्या दिल्या. "तूपभातावर घे, आणि खाज थांबली तरी मी सांगेपर्यंत सोडू नकोस," असे बजावले. दोन्हींत शास्त्र होते. स्निग्ध अन्नाबरोबर हे औषध अंगी चांगले लागते. शिवाय ते नव्या कातडीत साठते, म्हणून बुरशी धरलेली जुनी कातडी झडेपर्यंत धीर धरावा लागतो.

आज हा धीरच सुटला आहे. भारतात दुकानातून सहज मिळणाऱ्या अनेक मलमांत स्टिरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधाला अनेकदा न जुमानणाऱ्या नायट्याच्या बुरशीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव मिळाले. अशा मलमांचा गैरवापर हे तिच्या फैलावाचे एक कारण मानले जाते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण नोंदवले गेले. ब्रिटनमध्येही ती पोचली आहे.

मंडळी, मातीने दिलेली अशी औषधे मोजकीच आहेत. तेव्हा भारतातून येताना गोडा मसाला जरूर आणा, मेतकूट आणा. पण ती मलमाची ट्यूब तिकडेच राहू द्या. नायटा उठला तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि औषध पुरते संपवा.