खाली म्हणजे कुठे?

चि. सोनू,


तू पाठवलेला चिऊचा व्हिडिओ पाहिला आणि रात्री नीट झोप लागली नाही. तू विचारलं आहेस की ‘कन्सेप्ट क्लिअर’ करून देणाऱ्या त्या क्लासला तिला घालू का, आणि पृथ्वीचा गोल कुठला घेऊ. गोल कुठलाही घे. क्लासचं मात्र इतक्यात ठरवू नकोस. आधी माझं ऐक, आणि पत्र लांबलं तरी शेवटपर्यंत वाच. तुझ्या आईसारखी मधली पानं गाळू नकोस.

पृथ्वी कशी आहे, असं विचारल्यावर चिऊ म्हणते, गोल. मग आपण कुठे राहतो? ती म्हणते, आतमध्ये, खालच्या सपाट भागावर, आणि आभाळ वरच्या बाजूला. त्यावर तुम्ही सगळे हसलात, जावईबापू सर्वांत मोठ्यानं. “अगं, आत नाही, वर राहतो आपण!” असं म्हणत तू तिच्याकडून तेच पुन्हा पुन्हा वदवून घेतलंस. तिनं म्हणून दाखवलं, पण म्हणताना एकदा पायांखाली बघितलं. ते तुझ्या नजरेला आलं का गं?

सातव्या वर्षात असलेल्या पोरीनं केवढं काम केलं होतं ते बघ. पृथ्वी गोल आहे असं मोठी माणसं सांगतात. जमीन सपाट आहे असं तिचे पाय सांगतात. आधार नसलेली वस्तू खाली पडते हे ती पाळण्यात असल्यापासून पाहते आहे. यातलं काहीही न टाकता तिला उत्तर द्यायचं होतं. गोलाच्या आत सपाट तळ कल्पिला की तिन्ही गोष्टी जमतात! हे उत्तर चुकीचं आहे, पण ते तिनं विचार करून काढलेलं आहे. “वर राहतो” हे तुमचं बरोबर उत्तर मात्र तिनं फक्त उच्चारलं.

आणि ती एकटी नाही. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या दोघांनी अमेरिकेत इलिनॉयमधल्या 60 शाळकरी मुलांशी याच विषयावर बोलून 1992 साली निबंध प्रसिद्ध केला. काही मुलांची पृथ्वी चिऊसारखीच पोकळ होती. काहींच्या मते पृथ्व्या दोन होत्या, एक आभाळातली गोल आणि दुसरी आपण राहतो ती सपाट. काहींनी गोल वरून चपटा करून घेतला होता. पुढे हैदराबादच्या मुलांशी बोलताना पाण्यावर तरंगणारी पृथ्वीही भेटली. एकमेकांना कधी न भेटलेली मुलं अशी सारख्या जागी अडखळतात, तेव्हा दोष मुलांच्या बुद्धीत नसतो, ती जागाच अवघड असते.

ती जागा कुठली, हे तुला समजलं पाहिजे म्हणून एवढं लिहिते आहे. चिऊचं अडलंय ते ‘खाली’पाशी. तिच्या लेखी खाली ही सगळ्या विश्वात एकच ठरलेली दिशा आहे. ती तशी आहे तोवर गोलाच्या खालच्या बाजूची माणसं पडणारच. तू कितीही महागाचा गोल आणून फिरवलास तरी पडणार. खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे, हे ज्या दिवशी तिच्या मनात बसेल, त्या दिवशी गोलावर सगळीकडे राहता येईल. म्हणजे तिला नव्या माहितीची भर नको आहे. जन्मापासून खरी मानलेली एक गोष्ट तिला स्वतःच्या हातानं हलवायची आहे. नवी संकल्पना शिकणं बहुतेक वेळा असंच असतं, आणि म्हणून त्याला वेळ लागतो. दुसऱ्या कोणाला ते करून देता येत नाही, फी घेऊनही नाही.

आपण चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलो होतो ते आठवतं? तात्या भास्कराचार्यांबद्दल सांगत होते आणि तुझं सगळं लक्ष माकडांकडे होतं. त्या भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धान्तशिरोमणी लिहिला, आणि त्यातल्या गोलाध्यायात नेमकी चिऊची शंका घेतली आहे. पृथ्वी सपाट का भासते? तर वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो आणि एवढ्या मोठ्या पृथ्वीवर माणूस फार लहान आहे, म्हणून. पलीकडची माणसं पडत का नाहीत? तर जो जिथे उभा असतो, त्याला पृथ्वी आपल्या पायांखाली आणि आपण तिच्यावर असंच वाटतं. आपल्या बरोबर विरुद्ध बाजूची माणसं पाण्याकाठच्या प्रतिबिंबासारखी उलट्या डोक्याची असली, तरी तिथे ती आपल्याइतक्याच सुखानं राहतात. हे त्यांनी लहान मुलांसाठी लिहिलेलं नव्हतं. ज्योतिष शिकणाऱ्या जाणत्या विद्यार्थ्यांनाही ते समजावून सांगावं लागत होतं. एवढ्या मोठ्या गणितज्ञानं जी शंका मनावर घेतली, ती चिऊच्या तोंडून आली तर आपण हसायचं?

आता तुझ्याकडे वळते. रागावू नकोस. गेल्या मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घालताना तू म्हणाली होतीस, सूर्य जवळ आलाय म्हणून एवढं तापतंय. पदवीपर्यंत विज्ञान शिकलेली तू! अगं, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण हुरडा खातो तेव्हा. तेव्हा ती जुलैतल्यापेक्षा सुमारे 50 लाख किलोमीटर जवळ असते. हे तुझं एकटीचं नाही. हार्वर्डचा पदवीदान समारंभ संपवून बाहेर पडणाऱ्यांना उन्हाळा-हिवाळा का होतो असं विचारून केलेली एक फिल्म 1987 सालची आहे, आणि त्यातल्याही बहुतेकांनी सूर्याचं अंतरच सांगितलं. जावईबापू दर 26 डिसेंबरला मेलबर्नची कसोटी बघतात, तिथलं भर उन्हाळ्याचं ऊन बघतात. आपल्याकडे त्या वेळी स्वेटर असतात हेही त्यांना माहीत आहे. सूर्य जवळ येऊन उन्हाळा होत असता, तर तो दोन्हीकडे एकदमच झाला असता. पण या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी समोरासमोर आल्याच नाहीत. मोठ्या माणसांचं असंच होतं. परीक्षेचं उत्तर एका कप्प्यात राहतं, खरं वाटणारं दुसऱ्या.

हे जुळवायला क्लास लागत नाही. तुमच्या ठाण्याच्या गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. डिसेंबरात सूर्य दिवसातला सर्वांत उंच आलेला असतानाही तिची सावली जवळजवळ काठीएवढी पडेल. मेच्या मध्याला एक दुपार अशी येईल की सावली काठीच्या बुंध्याशीच नाहीशी होईल. ऊन तिरपं पडलं की तेच जास्त जमिनीवर पसरतं आणि कमी तापवतं. त्यात डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा आणि जूनचा सव्वातेरा तासांच्या आसपास. चिऊला महिन्यातून एकदा खडूनं सावलीचं टोक आखू दे. तूही आख. निष्कर्ष सांगायची घाई करू नकोस.

मला खरी काळजी वेगळीच आहे. सोनू, वर्गात मी हे फार पाहिलंय. पाचवीत “बाई, पण असं कसं?” विचारणारी मुलं आठवीत गप्प होतात. त्यांना कळलेलं असतं असं नाही. बाईंना कुठलं उत्तर हवं आहे, एवढं त्यांना कळलेलं असतं. मार्क चांगले पडतात, घरचे खूश असतात, आणि आत ती पोकळ पृथ्वी तशीच राहते. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीवर, मुलांच्या अंगणात नेली. मूल आहे तिथून सुरुवात करायची, हे आपल्याच मातीत एवढं करून दाखवलेलं असताना आपण पोरांना क्लासच्या रांगेत उभं करतो, याचं मला फार वाईट वाटतं. चिऊ अजून पायांखाली बघते आहे. ते बघणं थांबलं, तर पुन्हा सुरू करणं फार अवघड असतं गं.

म्हणून एवढंच कर. तिनं काही वेगळं सांगितलं की दुरुस्त करण्याआधी विचार, “तुला असं का वाटतं?” आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नकोस. जावईबापूंनाही बोलू देऊ नकोस.

तुझी,
मावशी